वाड्यातल्या आंब्यावरचं बांडगूळ खुनी ठरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सिंधुदुर्गातल्या एका जुन्या वाड्यावर तुम्ही भयकथा लिहिताय. परसातल्या हापूसवर बांडगूळ येतं, झाड वाळत जातं आणि त्याच्याबरोबर घराणंही. मध्येच धाकटी सून कुणाला तरी धोतरा चारते. बांडगूळ झाडाला किती दिवसांत मारतं, धोतरा किती लागतो आणि आपल्याकडे याहून दुष्ट वनस्पती कुठली, हे तुम्हाला हवंय.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. प्रमाण सांगणार नाही आणि तुमच्या कथेला ते लागतही नाही. लक्षणं मात्र सांगेन, खरी भीती त्यातच आहे. आणि वाडा दोनशे वर्षांचा असेल तर परसात हापूसपेक्षा एखादा रायवळ शोभेल, ते बघा.

आता बांडगूळ. माझी तीसेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आणि पोरांना घेऊन डोंगर तुडवण्यात गेली. त्यात केवळ बांडगुळाने मेलेलं मोठं, धडधाकट आंब्याचं झाड मी पाहिलेलं नाही. फांद्या मरतात. आधीच दुष्काळाने, किडीने पिचलेलं झाड असेल तर त्याची अखेर लवकर होते. पण धट्टाकट्टा आंबा आपल्या अंगावर दहा-वीस बांडगुळं घेऊन वर्षानुवर्षं उभा राहतो, फळही देतो, जरा कमी इतकंच.

कारण बांडगूळ पुरतं आयतोबा नाहीच. त्याला हिरवी, जाड, चामड्यासारखी पानं असतात. आपलं अन्न ते स्वतः उन्हात शिजवतं. आंब्याकडून घेतं ते पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार. शास्त्रात याला अर्धपरजीवी म्हणतात. रत्नागिरीजवळच्या एका बागेत छाटणी चालली होती, तेव्हा मी एक फांदी मागून घेतली. फांदी मनगटाएवढी आणि बांडगूळ जिथे बसलं होतं तिथे करवंटीएवढी गाठ. धारदार चाकूने गाठीचा उभा छेद घेतला. दोन लाकडांचा पोत वेगळा दिसत होता, पण आंबा कुठे संपतो आणि बांडगूळ कुठे सुरू होतं ती रेघ काही नखाने दाखवता येईना. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसं ते प्रकरण होतं. ही चूषकमुळं. आंब्याच्या पाण्याच्या नळ्यांना बांडगुळाने आपल्या नळ्या जोडून घेतलेल्या. गाठीच्या अलीकडची फांदी टवटवीत आणि पलीकडचा शेंडा मात्र काटकी झालेला, कारण पाणी वाटेतच अडवलं जातं. कडक उन्हाळ्यात आंबा पानांची छिद्रं मिटून पाणी राखतो, तेव्हाही बांडगूळ उधळपट्टी करत असतं. म्हणून वैशाखात मरगळलेल्या झाडावर तेवढाच एक झुबका हिरवागार दिसतो. भयकथेला हे दृश्य पुरेसं आहे, झाड मारायची गरज नाही.

त्याचा फैलाव तर याहून मजेदार. फुलं नळीसारखी, मधाने भरलेली. त्यांच्यावर शिंजीर येतात आणि परागीभवन उरकतं. फळं पिकली की फुलटोचा येतो. हा अंगठ्याएवढा पक्षी, आपल्या सगळ्यात लहान पक्ष्यांपैकी एक. बीभोवतीचा गर इतका चिकट असतो की विष्ठेतून बाहेर पडलेली बी पक्ष्याच्या बुडालाच लोंबत राहते. मग तो फांदीवर आडवा सरकून बूड घासतो आणि बी नेमकी सालीवर चिकटते. पेरणी झाली! सालिम अलींनी कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोचे यांचा वाटा काय, यावर १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला होता. पक्षी बघणाऱ्या माणसाला बांडगुळापाशी थांबावंच लागतं. हळदीकुंकू नावाचं पिवळ्या-लाल ठिपक्यांचं फुलपाखरू तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या अळ्या बांडगुळाच्याच पानांवर वाढतात. घरातल्या सवाष्णीने ज्या झुबक्याला शिव्या घालायच्या, त्याच्यातून हळदीकुंकू उडतं, हे मी रचलेलं नाही. ऑस्ट्रेलियात संशोधकांनी जंगलाच्या काही तुकड्यांतून तिथलं बांडगूळ मुद्दाम काढून टाकलं. तीन वर्षांनी तिथल्या पक्ष्यांच्या जाती सरासरी पाचव्या हिश्श्याने घटल्या होत्या. २०१२ साली ते निष्कर्ष छापून आले.

आणि तरीही मराठीत 'बांडगूळ' ही शिवी आहे. बापाच्या जिवावर बसून खाणारा, पक्षाला चिकटलेला, समाजाला लुबाडणारा असा जो तो बांडगूळ. माझा तुम्हाला मुख्य सल्ला इथेच आहे. आपल्या भाषेने झाडांना जे शिक्के मारलेत ते झाडांच्या वागण्याशी जुळत नाहीत, आणि लेखकाला कामाची जागा या न जुळण्यातच सापडते.

चंदन घ्या. दुसऱ्यासाठी झिजणारा म्हणजे चंदन. पण जमिनीखाली पाहाल तर चंदनही अर्धपरजीवीच. त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना बशीसारखी चूषकं लावून पाणी आणि पोषण ओढतात. रोपवाटिकेत चंदनाच्या पिशवीत सोबतीला तूर लावतात ती याचसाठी. हल्ली आपल्याकडे चंदनाची लागवड वाढली आहे आणि हे ठाऊक नसलेले लोक एकटं रोप लावून ते का खुरटलं म्हणून विचारत येतात. एका शेतकऱ्याला मी हे समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे देव्हाऱ्यातलं खोड पण चोरीचंच की हो!" पोटभर हसलो आम्ही दोघं.

वडाचं तर विचारूच नका. वड, पिंपळ ही मंडळी पुष्कळदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पक्ष्याच्या विष्ठेतून जन्म घेतात. तिथून मुळं खाली सोडतात. ती जमिनीला टेकली की जाड होतात, एकमेकांना चिकटतात आणि यजमान झाडाभोवती पिंजरा तयार होतो. वरून सावली, खालून मुळांची स्पर्धा, मध्ये आवळपट्टी. कित्येकदा आतलं झाड कुजून जातं आणि वड पोकळ उभा राहतो. यजमानाच्या अंगातून तो थेंबभरही घेत नाही, म्हणून व्याख्येप्रमाणे परजीवी नाही. गळा आवळणारा आहे. त्याला आपण दोरा गुंडाळतो, आणि फांदीचं पाणी तेवढं अडवणाऱ्या बांडगुळाला शिवी देतो. तुमच्या वाड्याच्या पडक्या भिंतीत एखादा पिंपळ घातलात तर मुंजाही आयता मिळेल आणि भिंत खरोखर फुटेलही.

खऱ्या अर्थाने दुसऱ्याच्या जिवावर जगणारं काही हवं असेल तर अमरवेल. पानं नाहीत, जमिनीत मूळ नाही, हिरवेपणा जवळपास नाही. बोरीवर, मेंदीच्या कुंपणावर, अडुळशावर पिवळ्या शेवयांचा ढीग ओतल्यासारखी पसरते. कुळ मात्र रताळ्याचं! कोकण किनाऱ्यावर तिच्यासारखीच दिसणारी आकाशवेल असते, तिचं कुळ दालचिनीचं. दोघींचा संबंध नाही, पण धंदा एकच, म्हणून रूपही एक. गावात दोघींनाही दोन्ही नावं सर्रास लावतात.

अमरवेलीची बी मातीतच रुजते. बाहेर येतो तो एक दोरा, आणि शिदोरी संपायच्या आत त्याला कुणाचा तरी आधार शोधावा लागतो. नाहीतर मरण. हा दोरा गोल फिरत शोधतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की तो वासावरून शोधतो. टोमॅटोच्या झाडाच्या दिशेने वाढतो, आणि एकीकडे टोमॅटो, दुसरीकडे गहू ठेवला तर टोमॅटो निवडतो. आधार मिळाला, चूषकं आत गेली की जमिनीतलं मूळ सुकून गळून पडतं. घरातून निघून दुसऱ्याच्या घरात कायमचं राहायला यावं आणि मागचा दोर कापून टाकावा तसं. पुढे चीनमधल्या कुनमिंगच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सांगितलं की एकाच अमरवेलीने जोडलेल्या झाडांपैकी एकाला किडीने खाल्लं तर त्याचा इशारा वेलीतून दुसऱ्या झाडांपर्यंत पोचतो आणि ती आपली संरक्षणाची रसायनं वाढवतात. म्हणजे लुटणारीच गावाची टपालवालीण. मी लेखक असतो तर बांडगूळ सोडून हिच्यामागे लागलो असतो.

पण दुष्टपणाचा मान द्यायचाच तर तो मी एका वीतभर रोपाला देईन. टारफुला. सोलापूर-मराठवाड्याकडच्या कुणाही ज्वारी करणाऱ्याला विचारा. पांढरी नाजूक फुलं, बघणाऱ्याला वाटेल देवाला वाहावीत. शास्त्रीय नाव स्ट्रायगा, आणि लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थच चेटकीण. बी धुळीसारखी बारीक, एका रोपाला हजारोंनी. ती मातीत दहा-दहा वर्षं गप्प पडून राहते. ज्वारीच्या मुळांतून एक विशिष्ट रसायन पाझरलं तरच जागी होते, आणि लगेच मुळाला डसते. टारफुला जमिनीच्या वर दिसायच्या आतच ज्वारीचं नुकसान होऊन गेलेलं असतं. ओल असूनही ताटं माना टाकतात आणि शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं.

या रसायनाची हकीकत भयकथाकाराने गाठीला बांधून ठेवावी अशी आहे. त्या गटातलं पहिलं द्रव्य १९६६ मध्ये कापसाच्या मुळांतून वेगळं काढलं गेलं. पण रोप आपल्या शत्रूला जागं करणारं द्रव्य मुळातून सोडेलच कशाला, हे कोडं कित्येक वर्षं सुटलं नव्हतं. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी ते सोडवलं. मातीतल्या मित्र-बुरशीला बोलावण्यासाठी रोप ती हाक मारतं, आणि टारफुला ती हाक चोरून ऐकतो. पुढचा भाग आणखी चांगला. कापूसही ही हाक मारतो, पण टारफुल्याला त्याच्या मुळात शिरता येत नाही. म्हणून ज्वारीच्या रानात कापूस घेतला की टारफुला फसून उगवतो आणि उपाशी मरतो. शेतकरी याचा उपयोग करतात. सूडकथेसाठी अजून काय पाहिजे?

कल्पनेचं झाड आणि खरं झाड यांत किती अंतर पडतं त्याचा एक नमुना देतो, मग विषाकडे वळू. १७८३ साली लंडनच्या एका मासिकात फोअर्श नावाच्या माणसाने जावा बेटावरच्या उपास वृक्षाचं वर्णन लिहिलं. झाडाभोवती मैलोन्‌मैल गवत उगवत नाही, पक्षी उडता उडता पडतात, फाशीच्या कैद्यांना विष आणायला पाठवतात आणि त्यातले थोडेच परत येतात, असा मजकूर. सगळं थोतांड, पण युरोपात कवींनी ते डोक्यावर घेतलं. हे झाड आपल्या पश्चिम घाटातही आहे. आपण त्याला चांदकुडा म्हणतो. त्याचा चीक विषारी आहे, आग्नेय आशियात तो बाणांना लावत, हे खरं. पण त्याच्या सावलीत मी डबा खाल्लाय. आणि घाटातल्या लोकांनी या भयंकर झाडाचं काय केलं, तर पोती! फांदीचा ओंडका भिजवून ठोकायचा, साल सैल झाली की पायमोज्यासारखी उलटी करत ओढायची, तळाला लाकडाची चकती तशीच राखायची. झाली तांदूळ भरायची पिशवी, शिवणीचं काम नाही.

आता धोतरा. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या औषधींवरच्या ग्रंथात एका संवादात धोतऱ्याची चर्चा आहे, आणि त्यात चोरीसाठी घरातल्या माणसाला धोतरा चारल्याचीच गोष्ट आहे. म्हणजे तुमच्या सुनेची परंपरा जुनी. पण धोतऱ्याचं माणूस तुमच्या मसुद्यातल्यासारखं "आई गं" म्हणून छातीला हात लावून कोसळत नाही. आधी तोंडाला कोरड पडते, इतकी की पाणी गिळवत नाही. अंग तापतं, चेहरा लाल होतो, घाम येत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, उजेड सोसत नाही, जवळचं अक्षर दिसत नाही. मग तो नसलेल्या माणसांशी बोलू लागतो, आणि बडबडण्यापेक्षा भीतिदायक म्हणजे हातांचा चाळा. गोधडीतून नसलेले दोरे एकेक करून उपसत बसतो. वाचला तर त्या रात्रीतलं त्याला बहुधा काहीही आठवत नाही. आरोप करायला साक्षीदारच उरत नाही! हेच कथेत वापरा. (प्रत्यक्षात कुणाला असं झालं तर लिंबू-मिठाचे उपाय करत बसू नका, थेट दवाखाना.) आणि हीच फळं आपण महादेवाला वाहतो, हे सुनेला ठाऊक असणार. देवळात जाणाऱ्या बाईच्या तबकात धोतरा दिसला तर कुणाला संशय येईल?

मला विचाराल तर मी धोतऱ्याऐवजी कळलावी घेईन. नावच बघा. कळ लावणारी, म्हणजे भांडणं लावणारी. घरात आणली तर घरात कलह, असा समज. दुसरा अर्थ कळा आणणारी. अडलेल्या बाळंतिणीसाठी तिचा कंद बाहेरून लावायची जुनी रीत होती. आणि गंमत म्हणजे कोकणात त्याच फुलांना गौरीचे हात म्हणतात आणि गौरीच्या सणाला ती मानाने घरात येतात. एकाच फुलाला उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि उंबऱ्याच्या आत पुजायचं. पाकळ्या ज्वाळांसारख्या मागे वळलेल्या, खाली पिवळ्या, वर लाल, आणि पानाचं टोकच तणाव्यासारखं वळून शेजाऱ्याला धरतं. कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात लांगली. सगळ्या अंगात कॉल्चिसीन, तेच जे डॉक्टर गाऊट नावाच्या सांधेदुखीसाठी मोजून देतात. विषबाधा सुरुवातीला पटकीसारखी दिसते. त्यातून माणूस वाचलाच तर दीड-दोन आठवड्यांनी त्याचे केस पुंजक्यांनी गळू लागतात. सगळे म्हणतात बरा झाला, आणि सकाळी उशीवर केस.

गुंजेचं एका ओळीत सांगतो. लाल बी, काळा डोळा, आत जहर, आणि तीच सोनाराच्या तराजूतलं वजन: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तिचा पाला मात्र गोड, विड्यात घालतात. बिब्ब्याचंही तसंच. फळाच्या तेलाने कातडीला फोड येतात, आतल्या गोडंबीचे लाडू करतात. कॉलेजात असताना शहाणपणा करून बिब्ब्याची फळं मी रुमालात बांधून खिशात ठेवली होती. बिब्बा उतला तो मांडीवर, आठ दिवस धोतर नेसून फिरत होतो. आई म्हणाली, गाडीला टांगतात ते खिशात कशाला घातलंस?

कथेचा काळ पेशवाईचा असेल तर दोन गोष्टी गाळा. गाजरगवत आपल्याकडे पहिल्यांदा पुण्यात १९५५ च्या सुमारास नोंदलं गेलं. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, मूळची अमेरिकेतली. जुन्या वाड्यात लाल-पांढरी कण्हेर ठेवा, ती विषाला कमी नाही.

राहिला आंबा. तो मारायचाच असेल तर भिरूड लावा. हा किडा खोड आतून पोखरतो. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसतो, आणि बागायतदार सांगतात की रात्री सामसूम असताना खोडाला कान लावला तर कुरतडणं ऐकू येतं. घरातले सगळे वर बांडगुळाकडे बोट दाखवत असताना खाली भुसा साचत राहील. मधल्या एखाद्या प्रकरणात थोरल्या सुनेला शिडीवर चढवा आणि ते बांडगूळ हाताने ओरबाडायला लावा. जाणता गडी गाठीच्या वीतभर मागून फांदीच कोयत्याने तोडतो, कारण नुसतं ओरबाडलेलं बांडगूळ गाठीतून पुन्हा फुटतं. तिला ते माहीत नसेल. पुढच्या दिवाळीला ती परसात दिवा लावायला जाईल तेव्हा त्याच जागी दोन कोवळी, तांबूस पानं दाखवा.